गाढी नदी आणि पनवेलची खाडी : पाणी, भरती-ओहोटी आणि मासेमारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, करंजाडे, उलवे या भागात नव्याने राहायला आलेली मंडळी हे प्रश्न हमखास विचारतात. पुलाखाली दिसते ती नदी की नाला, गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस काय पकडतोय, आणि ते विकत घेऊन खावं का, इथून सुरुवात होते.

गाढी येते कुठून?

माथेरानच्या पश्चिम उतारावरून. माथेरान, प्रबळगड आणि चंदेरी-मलंगची रांग यांच्या बेचक्यात धोदाणी, मालडुंगे ही गावं आहेत. तिथले ओढे एकत्र होऊन गाढी बनते. पुढे गाढेश्वराचं देऊळ, देहरंगचं धरण, मग वाजे, नेरे, चिपळे, विचुंबे, देवद अशी गावं घेत ती जुन्या आणि नवीन पनवेलच्या मधून निघते. पनवेलजवळ तिला काळुंद्रे नदी मिळते आणि दोघींचं पाणी पनवेलच्या खाडीत जातं. ही खाडी बेलापूरच्या किल्ल्यापाशी ठाण्याच्या खाडीला आणि मुंबई बंदराच्या पाण्याला भिडते.

माथेरानचा डोंगर पावसाची वाटणी करतो. पूर्वेला पडलेलं पाणी नेरळच्या बाजूने उल्हास नदीत, पश्चिमेचं गाढीत, दक्षिणेचं धावरी नदीत. धावरीवर मोरबे धरण आहे आणि वाशी-नेरूळच्या नळाला येतं ते तिथलं. म्हणजे नवी मुंबई महापालिकेचे लोक आणि पनवेलकर एकाच डोंगराचं पाणी पितात, फक्त वेगवेगळ्या अंगाचं.

मग पनवेलला पाणी गाढीचं का?

काही भाग गाढीचा. देहरंग धरण पनवेलच्या पाणीपुरवठ्यासाठीच आहे. पण ते लहान आहे आणि त्यात गाळ बराच साचलाय. जुलैत ओसंडून वाहतं आणि एप्रिल-मे महिन्यांत तळ दाखवतं. उरलेली तहान बाहेरून आणलेल्या पाण्यावर भागते.

एवढीशी नदी पावसात एवढी चढते कशी?

माथेरानची उंची आठशे मीटरच्या आसपास आणि तिथून समुद्रसपाटी इतकी जवळ की डोंगरात कोसळलेलं पाणी काही तासांत पनवेलच्या पुलाखाली येतं. मध्ये मुरायला जागा कमी, कारण सगळा बेसाल्टचा कातळ. भूगर्भशास्त्रात 'पनवेल फ्लेक्सर' म्हणून ओळखली जाणारी एक वाकणरेषा आहे. सह्याद्रीत लाव्हाचे थर आडवे पडलेले दिसतात, ते या पट्ट्यात येऊन समुद्राकडे कलतात. या भागातल्या टेकड्यांची ठेवण घाटावरच्या डोंगरांसारखी वाटत नाही, त्यामागे हे एक कारण.

खरी अडचण खालच्या बाजूला आहे. वरून पूर आणि खालून उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर नदीला निघायला तोंडच उरत नाही. पाणी थांबतं, फुगतं आणि कोळीवाड्याच्या, मोहल्ल्यांच्या सखल गल्ल्यांत शिरतं. जुन्या पनवेलकरांना पावसाच्या आकड्यापेक्षा त्या दिवशीच्या भरतीची वेळ आधी विचारायची सवय आहे, ती यामुळेच.

नदी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण बाकीचं सगळं यावरच उभं आहे.

ठरलेली रेघ नाही. ऑगस्टमध्ये गाढीचा जोर असतो तेव्हा गोडं पाणी खाडीत खोलवर जातं. पनवेलच्या खाली बऱ्याच अंतरापर्यंत पाणी जिभेला जवळजवळ गोडं लागतं. मे महिन्यात नदीची धार सुतासारखी होते, तेव्हा भरतीबरोबर खारं पाणी शहराच्या अंगाला चढतं. दोन्हींच्या मधला जो निमखारा पट्टा आहे, तो वर्षभर वर-खाली सरकत राहतो. गाढीतली निम्मी मासेमारी त्या पट्ट्यात होते आणि उरलेली निम्मी तो पट्टा ओलांडून जाणाऱ्या माशांची.

कारण इथले कितीतरी मासे एका पाण्यात जन्मतात आणि दुसऱ्यात वाढतात. जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, त्याची पिल्लं गोड्याकडे येतात. अहीर, म्हणजे नदीतली वाम, उलट गोड्यात आयुष्य काढून अंडी घालायला समुद्रात जाते. नदीतले मोठे झिंगे राहतात गोड्यात, पण पिल्लं जगवायला त्यांना निमखारं पाणी लागतं. बोयला दोन्ही चालतं. या सगळ्यांना वाट मोकळी हवी. म्हणून नदीवर बंधारा घातला, किनारा भिंतीने बांधला, ओढ्याचं तोंड पाइपात घातलं की पाणी वाहत राहतं, पण मासा अडतो. पुलावरून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

भरती कधी येणार ते ॲप नसताना कसं ओळखायचं?

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल तो आकडा भरती पूर्ण होण्याचा तास. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेला तिथी पंधरा धरली की सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरती असते. दिवसात दोन भरत्या, म्हणून तोच तास सकाळचाही आणि रात्रीचाही. रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब उघड्या किनाऱ्याचा. खाडीत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो.

कॅलेंडरवर तिथी बघून मासेमारीला निघणारी माणसं अजून आहेत. मोबाइलवर बघणारीही आहेत, आणि दोघांनाही मासे सारखेच मिळतात.

उधाण आणि भांग म्हणजे काय?

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी आणि ओहोटीही सर्वांत खोल, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी ना धड चढतं ना धड उतरतं, तो भांग. मुंबईच्या पाण्यात मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. उधाणाच्या दिवसांत ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण होते, त्यामुळे शिंपल्या वेचायला, निवट्या पकडायला, कालवं फोडायला उजेड मिळतो. खाडीवर बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चिखलाकडे निघालेल्या दिसल्या, की पंचांग न बघता समजावं.

नदीच्या गोड्या पाण्यात कुठले मासे?

मळे, शिंगटी, मरळ, खवली, अहीर. धरणाच्या आणि तलावांच्या पाण्यात सोडलेले कटला, रोहू, मृगळ. ओढ्यांत आणि भातशेतांत पावसाळ्यात खेकडे, ज्यांना आमच्याकडे मुठे म्हणतात. वरच्या भागात कातकरी आणि ठाकर वाड्यांतल्या माणसांचा या कामात हात कोणी धरू शकत नाही. दगडाखाली हात घालून नुसत्या स्पर्शावर खेकडा आहे की साप, हे ओळखणारी माणसं तिथे आहेत. तुम्ही हा प्रयोग करू नका.

आणि चिलापी. ती आता सगळीकडे आहे. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला. अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे घाण पाण्यातही तिची वीण टिकते. गळाला सर्वांत आधी लागते ती हीच.

खाडीत काय मिळतं?

बोय, जिताडा, चिवणी, खरबी, शिंगाळा, निवटी, कोळंबी, करंदी, चिंबोरी, शिंपल्या, खुबे, कालवं. खाडीचा मासा आणि समुद्राचा मासा यांची चव वेगळी आणि आगरी-कोळी घरात दोन्हींची कालवणंही वेगळी. बाहेरून आलेल्या पाहुण्याला पापलेट वाढतात. घरच्या जावयाला जिताडा.

वलगण म्हणजे काय?

पनवेल-उरण-पेण पट्ट्यातल्या माणसाला हा शब्द ऐकूनच भूक लागते. जूनचा पहिला जोराचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला की शेतं भरतात, शेताचं पाणी बांधावरून ओढ्यात आणि ओढ्याचं नदीत येतं. उन्हाळाभर डोहात कोंडलेला मासा या गार, गढूळ पाण्याचा वास लागताच प्रवाहाच्या उलट चढायला लागतो. अंडी घालायला त्याला उथळ, गवताळ, नुकतं भरलेलं पाणी हवं असतं. पिल्लांना तिथे खायला मुबलक आणि मोठे मासे कमी. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेताच्या चोंढ्यात, असा तो चढतो. या चढणीच्या माशांची मासेमारी म्हणजे वलगण.

ती बहुतेक रात्री होते. एका हातात विजेरी, दुसऱ्यात जाळं नाहीतर नुसती टोपली. जिथे पाणी बांधावरून खाली पडतं तिथे मासे उड्या मारताना दिसतात, चंदेरी पोटं उजेडात चमकतात. पायाला मासे घासून जातात. काही जण ओढ्याच्या अरुंद तोंडाशी बांबूचा सापळा लावून ठेवतात आणि पहाटे काढतात. हे सगळं फार तर आठवडाभर. पाऊस उघडला की संपलं, आणि पाऊस रखडत आला तर त्या वर्षी वलगण होतच नाही.

त्याच सुमारास खाडीच्या बाजूने चिवणी येते. वीतभर लांबीचा, मिशा असलेला हा मासा एरवी कोणी फारसा विचारत नाही. पण पहिल्या पावसात तिच्या पोटात गाबोळी असते, मोठ्या मण्यांसारखी पिवळी अंडी. आगरी मसाला, ठेचलेला लसूण, चिंच किंवा शेवटची कैरी, वर कोथिंबीर. त्या दिवशी घरात दुसरं काही शिजत नाही.

अंडी असलेले मासे पकडणं चुकीचं नाही का?

रास्त प्रश्न. ओढ्याचं तोंड पूर्ण बंद करून सगळाच मासा उचलला, तर पुढच्या वर्षी तिथे काय येणार? जुन्या माणसांच्या वलगणीत हाताचं जाळं होतं, रात्र लहान होती आणि मासा घरच्या भांड्यापुरता लागायचा. चढलेल्यातला बराचसा वर पोचायचाच. आता नायलॉनचं बारीक आसाचं जाळं आडवं लावून पाटीच्या पाटी बाजारात जाते.

तरीही माझं मत असं की वलगण कमी होण्यात जाळ्याचा वाटा लहान आहे. मासा चढून जाणार कुठे? नेऱ्यापासून पनवेलपर्यंत जी भातशेतं होती तिथे भराव पडला, इमारती झाल्या, ओढ्यांचे नाले झाले. अंडी घालायची जागाच गेली. वलगणीवर बंदी घालून ती परत येणार नाही.

जिताड्याचं एवढं काय कौतुक? आणि तो इतका महाग का?

चव. पांढरं, घट्ट, लोण्यासारखं मांस, काटे कमी आणि डोकं तर स्वतंत्र पदार्थ. रायगड जिल्ह्यात लग्नाच्या बोलणीत जिताडा येतो, निवडणुकीत येतो आणि रखडलेल्या कामाच्या फाइलीमागेही येतो असं म्हणतात.

महाग असण्याचं कारण त्याच्या आयुष्यात आहे. जिताडा अंडी घालतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात, पावसाळ्याच्या दिवसांत. बोटाएवढी पिल्लं भरतीबरोबर आत येतात, खाजणात म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, उघाड्यांतून म्हणजे बांधातल्या झडपांतून शेततळ्यांत, नदीच्या गोड्या पाण्यातही जातात आणि तिथे वाढतात. गंमत म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की त्याची मादी होते. म्हणजे मोठा जिताडा काढला की हमखास अंडी घालणारी मादी काढली. लहान काढला तर तो कधी मादी झालाच नाही. दोन्हीकडून नुकसान.

पेण-अलिबागकडे घरामागच्या तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीतून पकडलेली पिल्लं तळ्यात सोडायची, बारीक मासे खायला घालायचे आणि दोन-तीन वर्षांनी घरात कार्य निघालं की जाळं टाकायचं. पिल्लू मिळणं नशिबावर असायचं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली जिताड्याचं बीज बंदिस्त पाण्यात तयार करून दाखवलं, तेव्हापासून विकतचं बीज आलं. बाजारात आज 'जिताडा' म्हणून जो दिसतो त्यातला पुष्कळसा तलावातला असतो. तो वाईट नसतो, पण खाडीचा म्हणून त्याला खाडीचा भाव देऊ नका.

उघाडी म्हणजे काय?

खाडीलगतच्या भातजमिनीत खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात, ती खारबंदिस्ती. बांधात आतलं पावसाचं पाणी बाहेर जायला झडपेचं दार ठेवतात, ती उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. माणूस लागत नाही. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की आतून निघालेली कोळंबी आणि मासे आयते सापडतात, म्हणून उघाडीवर मासे धरण्याचा हक्क कोणाचा, यावरून गावागावांत भांडणंही होत आलीत. खारभूमी विकासाचा कायदा १९७९चा; बांध राखायची जबाबदारी पूर्वी शेतकरी मिळून घेत. विकत घेतलेल्या, पडीक ठेवलेल्या जमिनींचे बांध आता कोणी राखत नाही. ते फुटतात, खारं पाणी आत येतं, आणि दोन-चार वर्षांत तिथे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान होतं.

पाग टाकायला शिकता येईल का?

येईल, खांदा दुखेल. पाग म्हणजे गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या, मधोमध दोरी. दोरीचं टोक डाव्या मनगटाला अडकवायचं. जाळ्याचा एक पदर डाव्या कोपरावर, एक उजव्या हातात, आणि कडेची एक गोळी दातांत धरायची. कंबरेतून वळून फेकताना दात नेमके सुटले पाहिजेत. लवकर सुटले तर जाळं केळीसारखं लांबट पडतं, उशिरा सुटले तर दाताची काळजी तुमची तुम्ही घ्या. पाण्यावर पूर्ण गोल पडला की शिसं बुडेपर्यंत थांबायचं, मग दोरी हळू ओढायची, म्हणजे गोळ्या तळाशी घासत एकत्र येतात आणि मासा आत कोंडतो. घाईने ओढलं तर जाळं तळापासून उचललं जातं आणि बोय खालून निसटते. तिला यात फार अक्कल आहे.

सुरुवात मैदानावर करा. पाण्यात करायची असेल तर खडक आणि खुंट नसलेल्या जागी, नाहीतर पहिला रविवार जाळं शिवण्यात जाईल.

चिंबोरी कशी पकडतात? अमावस्येचीच घ्यावी हे खरं का?

फगाने. लोखंडी किंवा वेताच्या चौकटीला सैल जाळं लावलेलं असतं, मधोमध माशाचं डोकं नाहीतर कोंबडीचे पाय बांधतात आणि दोरीने तळाशी सोडतात. वर खूण म्हणून थर्माकोल किंवा बाटली. पंधरा-वीस मिनिटांनी एका झटक्यात वर उचलायचं. सावकाश उचललं तर चिंबोरी काठावरून उतरून जाते. दुसरी पद्धत ओहोटीला चिखलातल्या बिळात लोखंडी आकडी घालून ओढायची. बीळ रिकामं आहे की नाही ते तोंडाशी पडलेल्या ताज्या चिखलावरून ओळखतात.

अमावस्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असं सगळेच सांगतात आणि विकणारी मावशी तर दर वेळी सांगते, तिथी कोणतीही असो. पोकळ असण्याचं खात्रीचं कारण म्हणजे कात. चिंबोरी वाढताना कवच टाकते, नवीन कवच आधी मोठं होतं आणि मांस मागून भरतं. म्हणून तिथीपेक्षा बोटावर भरवसा ठेवा : पोटाकडच्या पायांच्या मुळाशी दाबून बघा, दबलं तर पोकळ. आकाराच्या मानाने हाताला जड लागली तर घ्या. मादीच्या पोटावरची झडप रुंद, गोलसर. नराची अरुंद, टोकदार.

निवटी हा मासा आहे की बेडूक?

मासा. ओल्या कातडीतून हवा घेतो, त्यामुळे ओहोटीला चिखलावर पळतो, उड्या मारतो, बिळात राहतो. चुलीवर नुसत्या मिठात भाजलेली निवटी ज्याने खाल्ली नाही त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही.

पावसाळी मासेमारीबंदी इथे लागू आहे का?

राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्या तिच्यातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे पागाने, फगाने, हाताने होणारी खाडीतली मासेमारी पावसातही चालू दिसते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही, हा पाळला जाणारा दुसरा नियम. त्याला दंड नाही, पण कोळीवाड्यात तो जास्त कडक आहे.

हौसेने गळ टाकायला परवानगी लागते का?

धरणं आणि तलाव यांतल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथे आधी विचारा. देहरंग तर पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. वाहत्या नदीवर आणि खाडीच्या काठी हौशी गळवाले दिसतात आणि त्यांना कोणी हटकत नाही, पण जिथे कोणाची जाळी लागलेली आहे तिथे उभं राहू नये. तुमचा तुटलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, त्याच्या जाळ्यात गुंततो आणि सोडवताना त्याची सकाळ जाते. काठावर सोडलेल्या तंगुसात बगळे अडकून मरतात, तो गुंडाळून घरी न्या.

सुरुंग लावणं आणि पाण्यात विष टाकणं १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे. ब्लिचिंग पावडर टाकून मासे काढण्याचे प्रकार वरच्या ओढ्यांत होतात. पूर्वी गेळफळ कुटून डोहात टाकत, त्याने मासा गुंगायचा आणि पाणी पुन्हा निवळायचं. ब्लिचिंगने पिल्लं, शेवाळ, किडे, सगळं मरतं. आणि त्याच ओढ्याचं पाणी खाली वाडीतली माणसं भरतात.

इथले मासे खाल्ले तर चालतात का?

कुठले, यावर आहे. गाढीच्या वरच्या भागातले, नेऱ्याच्या वरचे, मी बिनदिक्कत खातो. शहराच्या खाली सांडपाणी मिसळतं. तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्यातून येणारी कासाडी नदीही याच खाडीत येते आणि तिच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातल्या, कारखान्याच्या रंगाने निळ्या पडलेल्या कुत्र्यांची बातमी देशभर झाली, ती याच नदीच्या काठची.

व्यवहारातली काळजी सांगतो. शिंपल्या, कालवं, खुबे हे पाणी गाळून खातात, पाण्यात असेल ते साठवतात. म्हणून सांडपाण्याच्या तोंडाजवळचे अजिबात घेऊ नका. बोय तळाचा चिखल चाळते, तिला रॉकेलसारखा वास आला तर टाकून द्या, मसाल्याने तो जात नाही. पहिल्या पावसानंतर काठाला मेलेले मासे लागले तर ते उचलू नका. उन्हाळाभर नाल्यात साठलेली घाण एकदम खाली येते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

नवी मुंबईच्या विमानतळाने काय बदललं?

भूगोलच. उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, खाडीकाठच्या पाणथळीत भराव घातला. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्‌घाटन झालं. जमिनीच्या मोबदल्याचं गणित तरी झालं. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळण्याचा हक्क १९८४च्या आंदोलनातून आणि शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या लढ्यातून आलेला. पण ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, फक्त चिखलातली नेहमीची जागा होती, त्याच्याकडे दाखवायला कागद नव्हता. शेजारच्या उरणमध्ये बंदराच्या भरावामुळे उपजीविका गेलेल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींची भरपाई द्यावी, असा आदेश हरित लवादाने २०१५ साली दिला. खाडीवरच्या हक्कालाही किंमत असते, हे तेव्हा पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

खारफुटी तोडली तर माशांचा काय संबंध?

कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्लं तिवरांच्या श्वासमुळांत लपून वाढतात. रान गेलं की दोन हंगामांत जाळं हलकं होतं, हे कोणीही कोळी सांगेल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८च्या निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टाही संरक्षित धरला. आपल्या राज्याचा कांदळवृक्ष पांढरी चिप्पी, पण या खाडीत हिरवं दिसतं ते बहुतेक तिवर. रात्रीत डेब्रिजचे डंपर रिकामे होताना दिसले तर फोटो काढून तक्रार करा. भराव एकदा बसला की तो काढायला कोणी येत नाही.

फ्लेमिंगो इथेच येतात का?

त्यांचं मुख्य ठिकाण ठाणे खाडीचं अभयारण्य, २०१५ साली जाहीर झालेलं, २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. पनवेल खाडीच्या बाजूलाही पाणथळींवर उतरतात. बघायचे असतील तर ऐरोलीच्या केंद्रातून भरतीची वेळ साधून जा.

बाजारात मांगूर स्वस्त मिळतो, घ्यावा का?

देशी मांगूर वेगळा. स्वस्त आणि आडमाप मोठा दिसतो तो थाई मांगूर, ज्याच्या पालनावर देशात २०००पासून बंदी आहे. सडकं काहीही खाऊन वाढतो, ओल्यातून सरकत दुसऱ्या पाण्यात जातो, आणि नदीत शिरला की मळे-शिंगटी संपवतो. पूर आला की तळी फुटतात आणि तो गाढीत येतो. घेऊ नका, आणि देवाच्या नावाने नदीत सोडूही नका.

पावसाळ्यात गाढेश्वरला भिजायला जाऊ का?

तिथल्या देहरंग धरणाच्या परिसरात दर पावसाळ्यात पोलिसांची मनाई असते आणि तरी दर वर्षी माणसं बुडतात. वर डोंगरात सर आली की खाली ऊन असताना लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की त्या क्षणी बाहेर.

ताजा खाडीचा मासा घ्यायचा तर कुठे आणि कधी?

बेलापूरजवळचं दिवाळे, पनवेलचा मासळी बाजार, आणि उलवे-गव्हाणच्या रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या मावश्या. उधाणाच्या आसपासच्या दिवसांत माल जास्त, भांगाला कमी आणि महाग. ओहोटी संपून तास-दीड तास झाला की जा; तिथी गुणिले तीन भागिले चार, अधिक सहा तास ओहोटीचे. कल्ले उघडून बघायला संकोच करू नका, मावशी रागावल्या तरी. बर्फातली बोय आणि पाटीतली बोय यांत डोळ्याने फरक कळतो : ताजीचा डोळा फुगीर, काळा. 'पागाची आहे का' असं विचारलंत तर भाव पाच-दहा रुपयांनी उतरतो, कारण मग त्या तुम्हाला इथलेच समजतात. चिंबोऱ्या डेंगे, म्हणजे नांग्या, बांधूनच घ्या आणि ती दोरी घरी पोचल्यावर मुलांसमोर सोडू नका.